समासातले टिंब

पान स्वच्छ होते. इतके स्वच्छ की ते माझे वाटेना. पडद्यावर अक्षर माझेच होते, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे, उजवीकडे किंचित झुकलेले, रकान्याच्या रेघेला कधीही न शिवणारे. परंतु कागदाचा पिवळेपणा गेला होता, कसरीने कोपऱ्यात केलेली जाळी गेली होती, आणि एकशे अठराव्या नोंदीच्या डाव्या अंगाला, समासात, मोहरीएवढे पेन्सिलीचे जे टिंब असायला हवे होते तेही गेले होते. "बघा आई, यंत्र डाग आपोआप काढून टाकतं," सून म्हणाली. तिने ते सहज म्हटले. मला मात्र जिन्याची पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि पायाखाली काहीच लागू नये, तसे झाले. मी खुर्चीची पाठ धरली. खुर्चीही माझी राहिलेली नव्हती. माझी सरळ पाठीची, लाकडी होती. हिला चाके होती, आणि आधारासाठी हात टेकताच ती अदबशीरपणे मागे सरकली.

या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाची मी एकवीस वर्षे प्रमुख होते. आता सून आहे. लोक याला योगायोग म्हणतात; मी म्हणत नाही, कारण परीक्षेला बसण्याचा आग्रह मी तिला केला होता आणि पहिल्या खेपेला नापास झाली तेव्हा पुस्तके परत तिच्या टेबलावर मीच ठेवली होती. घरी ती माझे ऐकते. कार्यालयात ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे. गेली दोन वर्षे तिने सगळ्या जुन्या नोंदवह्या यंत्राखाली घालण्याचे काम काढले आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता वह्या सीलबंद होतील आणि शहराबाहेरच्या कोठारात जातील. त्यानंतर पडद्यावर दिसेल तीच नोंद. तिच्यात काना बदलायचा तरी न्यायालयात जावे लागेल. बुधवारी सकाळी तिने मला हे सारे पाहायला बोलावले तेव्हा मी मुद्दाम इस्त्रीचे कपडे घातले होते. कौतुक कसे करायचे, किती करायचे, हेही मनाशी ठरवून आले होते.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. तिने दार लोटले. "मी सगळ्यांना सांगितलं, जुन्या वह्यांत ज्या चुका तुम्हाला माहीत आहेत त्या कळवा. साधा तक्ता आहे, नाव लिहा, चूक लिहा, कुणालाही शिक्षा नाही. अकरा आठवडे झाले. अठरा माणसं. एक लाख चाळीस हजार नोंदी. आणि चुका किती आल्या असतील?"

"किती?"

"शून्य. पटतं तुम्हाला?"

"माझ्या काळातही शून्यच होत्या," मी म्हणाले. विचार करण्यापूर्वीच म्हणाले; सवयीच्या वाक्यांना विचारांची वाट पाहावी लागत नाही.

"तेच सगळे मला ऐकवतात. बाईंच्या दप्तरात चूक नसते. जसा काही सरकारी आदेशच आहे." ती हसली, पण दमलेली होती. "आई, तुम्ही एकदा त्यांना सांगाल का, की चूक लिहायला हरकत नाही म्हणून? माझं ते 'हो मॅडम' करतात आणि जाऊन बसतात. तुमचं ऐकतील."

मी पडद्याकडे पाहत होते. एकशे अठरा. मुलगी, जुळ्यांपैकी थोरली. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एक शब्द : मृत. त्याखाली एकशे एकोणीस. मुलगी, जुळ्यांपैकी धाकटी. शेरा नाही. त्या दुपारी त्यांचा बाप खिडकीशी उभा होता. हातातली छत्री त्याने अशी धरली होती की बोटांची पेरे पांढरी पडली होती. नऊ दिवसांची मुलगी गेल्याचे तो सांगत होता, आणि आवाज अगदी सपाट होता, पत्ता सांगावा तसा. माझा मुलगा, म्हणजे आज हिचा जो नवरा आहे तो, तेव्हा पाच महिन्यांचा होता आणि घरी तापाने फणफणला होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. ताप त्याला होता, हात माझा होता. मृत्यूच्या वहीत मी नोंद बिनचूक केली, मग जन्माची वही उघडली, नियमाप्रमाणे शेरा लिहिला, टीपकागद दाबला आणि वही मिटली. धाकटी गेली होती. शेरा थोरलीच्या ओळीत पडला. एका ओळीची घसरण. नखाच्या रुंदीपेक्षा कमी.

सहा वर्षे ती चूक वहीत शांत झोपून राहिली. मग एके दिवशी त्या मुलीची आई शाळेसाठी जन्माच्या दाखल्याची नक्कल मागायला आली. त्या काळी नुकताच लागलेला एक शिपाई, पुढे तो लेखनिक झाला आणि आता दप्तरखोलीच्या किल्ल्या सांभाळतो, म्हणून सगळे त्याला किल्लेदार म्हणतात, तो वही घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि खाली वाकून कुजबुजला, "बाई, ही मुलगी मेलेली आहे. आणि बाहेर बाकावर बसून पाय हलवतेय." मी दारातून पाहिले. बाक उंच होता. मुलीच्या पायांत एकाच मापाचे पण दोन वेगळ्या रंगांचे मोजे होते, आणि ती आपल्याच पायांकडे मोठ्या कौतुकाने पाहत होती. त्याच आठवड्यात माझ्या बढतीचा आदेश निघणार होता. माझ्या नावापुढे वरच्या कचेरीने जे चार चांगले शब्द लिहिले होते त्यांतले दोन दुरुस्तीवहीबद्दल होते. चूक दुरुस्त करायची तर लाल शाईने त्या वहीत लिहावे लागे : नोंद कोणती, चूक कोणाची, कशामुळे. माझ्या हाताखालची ती वही सहा वर्षे कोरी होती. येणाऱ्या पाहुण्यांना मी ती उघडून दाखवीत असे, जशी एखादी गृहिणी घासलेली भांडी दाखवते.

मी पेन्सिल घेतली आणि समासात टिंब दिले. नक्कल स्वतः लिहिली, शेरा वगळून, आणि खाली सही केली. किल्लेदाराला बजावले, समासात टिंब असेल त्या नोंदीची नक्कल मला विचारल्याशिवाय द्यायची नाही. त्याने मान हलवली. मुलीच्या आईने नक्कल छातीशी धरली. तिचे डोळे भरून आले. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हणाले, "त्यात काय, कामच आहे माझं." किती शोभून दिसले असेल ते वाक्य! घरी जाताना मला त्याचे शब्द नव्हे, त्याची चाल आठवत होती, आणि तोंडात आंबट चव येत होती. मग बढती आली, अभिनंदने आली, आणि मीठ पाण्यात विरावे तसा तो आंबटपणा कशात तरी विरून गेला. चव मात्र उरली.

मुलगी मोठी झाली, शिवणकाम शिकली, दुकान टाकले. कधी लग्न, कधी दुकानाचा परवाना, कधी परदेशात राहणाऱ्या दिराकडे जायचे म्हणून पासपोर्ट. प्रत्येक वेळी जन्माचा दाखला, आणि प्रत्येक वेळी माझ्या दाराबाहेरचा बाक. मी निवृत्त झाल्यावरही किल्लेदाराचा फोन येई, "बाई, टिंब आहे," आणि मी फोनवरून मजकूर सांगे. ती माझे कपडे शिवते. न सांगता आतल्या बाजूला एक खोल खिसा शिवून देते, कारण लहानपणी तिने माझ्या हातात नेहमी किल्ल्यांचा जुडगा पाहिला होता. दप्तराच्या रुमालांना, ज्यांत वह्या बांधून ठेवतात त्यांना, तिने एका उन्हाळ्यात आपणहून दुहेरी शिवण घालून दिली. आणि दर वेळी तेच : बाई, तुमच्यामुळे. त्या क्षणीही, पडद्यासमोर, माझा हात त्याच खिशात होता. आत काहीच नव्हते, फक्त घट्ट, बारीक टाके.

शुक्रवारी पाच वाजता ती मरणार होती. टिंब नसलेल्या पानावर, कायमची, माझ्या सुंदर अक्षरात.

"मला जुनी वही बघायची आहे," मी सुनेला म्हणाले. "कागदाची."

"चहा सांगते, मग..."

"चहा नको."

दप्तरखोलीत अजून तोच वास होता, जुना कागद, खळ आणि लोखंडी कपाटांचा गारवा. किल्लेदार रुमालांच्या गाठी तपासत होता. मला पाहताच उठून उभा राहिला. त्याचे केस पिकले, पण ते उठणे तसेच, अंगात स्प्रिंग असल्यासारखे.

"यंत्राला टिंबं दिसत नाहीत," मी म्हणाले.

"माहीत आहे, बाई."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मॅडमना सांगितलं का नाहीस?"

"मी कसा सांगणार? टिंब तुमचं." त्याने गाठ सोडली, परत बांधली. "तुमच्या घरी दोनदा येऊन गेलो. एकदा तुम्ही झोपला होतात. एकदा जाग्या होतात, तर धीर झाला नाही."

"चाळीस वर्षं मला ओळखतोस आणि धीर झाला नाही?"

"चाळीस वर्षं ओळखतो म्हणूनच नाही झाला." मग तो कपाटाशी बोलल्यासारखा म्हणाला, "रागावणार नसाल तर एक सांगू? सगळी टिंबं तुमची नाहीत."

मला प्रथम कळेना. मी म्हणाले, "म्हणजे?"

"सतरा माझी आहेत. एकदा वडिलांच्या जागी मामाचं नाव पडलं. एकदा तारीख. एकदा तर बाई, मुलाला मुलगी केलं मी. मोठ्या लेखनिकांची चाळीसेक असतील, ते तर गेले बिचारे. खिडकीवरच्या ताईंची आहेत. कुणाचं काही चुकलं की पेन्सिलीनं टिंब द्यायचं आणि गप बसायचं. लोक नक्कल मागायला आले की आतल्या आत निभवायचं. तुम्हीच तर पद्धत घातलीत."

"एकूण किती?"

"तीनशे बारा. मोजलीत मी. रविवारी येऊन."

"माझ्या दप्तरात?"

"तुमच्याच दप्तरात. तुमच्याच पद्धतीनं."

मी स्टुलावर बसले. रागाने माझे कान तापले, हे मी लपवणार नाही. एकवीस वर्षे मी डोळ्यांत तेल घालून ज्यावर पहारा दिला तो किल्ला आतून पोखरलेला होता, आणि पहिली कुदळ माझी होती. मी शिकवले होते ते सर्वांनी शिकून घेतले होते, मात्र जे भिंतीवर लिहिले होते ते नव्हे. पेन्सिलीने जे केले होते ते. मी पाहुण्यांना कोरी वही दाखवीत होते तेव्हा खोलीत मागे उभे असलेले सगळे जण खाली पाहत असणार. मी एकटीच छताकडे पाहत होते. तीनशे बारा. मी तो आकडा मनात फिरवून पाहिला, आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. छातीशी कुठेतरी, जिथे इतकी वर्षे एक आवळलेली गाठ होती आणि ती गाठ आहे हेही मी विसरून गेले होते, तिथे काहीतरी सैल झाले. दिवसभर पायात असलेला घट्ट बूट काढल्यावर प्रथम दुखते, आणि मग पाऊल पसरत जाते, तसे. मी जगावेगळी पापी नव्हते. मी तीनशे बारांतली एक होते. माझ्या अभिमानाला हे मान्य करणे पापापेक्षा जड गेले, हेही खरेच. पण मी श्वास घेतला तेव्हा तो पार खालपर्यंत गेला.

"ऊठ," मी म्हणाले. "वही घे. वर चल."

मोठ्या दालनात अठरा माणसे आपापल्या पडद्यांपुढे बसली होती. मला पाहून सगळी उभी राहिली. सून तेवढी बसून राहिली, आणि मला ते आवडले. मी तिला तो तक्ता उघडायला सांगितले. टंकलेखन मला येते, पण या कळफलकावरची अक्षरे अशी पसरलेली की एकेक शोधत दोन बोटांनी लिहावे लागले. नोंद क्रमांक : एकशे अठरा. चूक : मृत्यूचा शेरा चुकीच्या ओळीत, तो एकशे एकोणीसला हवा. चूक कोणाची : इथे मी माझे पूर्ण नाव लिहिले आणि त्यापुढे, कोणी विचारले नसताना, माझे निवृत्तीच्या वेळचे पदही. माझ्यामागे कोणाचा तरी पेन खाली पडला आणि कोणी उचलला नाही. चूक केव्हा लक्षात आली : एकोणचाळीस वर्षांपूर्वी. तेव्हाच दुरुस्त का केली नाही?

मी लिहिले : लाज वाटली.

पडदा लाल झाला.

"काय झालं?"

"किमान वीस अक्षरं हवीत, आई," सून अगदी हळू म्हणाली.

दालनात कोणीतरी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमले नाही. मी वळून पाहिले नाही. मलाही ओठ आवळून धरावे लागत होते. एकोणचाळीस वर्षे दोन शब्दांत आटोपता येतील अशी माझी समजूत होती, आणि यंत्र म्हणत होते, आणखी थोडे. मी लिहिले : लाज वाटली. बढती मिळणार होती. दुरुस्तीवही कोरी ठेवायची होती. लोकांना दाखवायला. हे पडद्याने मुकाट्याने स्वीकारले. मग मी उभी राहिले. भाषण करायचे ठरवले होते, शिस्त, कर्तव्य, वगैरे; ते मला कुठे सापडेना. मी एवढेच म्हणाले, "किल्लेदाराची सतरा आहेत. त्याला बसायला जागा द्या. बाकीच्यांनी रांग लावा. आणि बाबांनो, वीस अक्षरं."

दुपारपर्यंत तक्त्यात दोनशे सहा ओळी झाल्या. खिडकीवरची ताई रडत रडत लिहीत होती आणि मधूनच म्हणत होती, "अगंबाई, ही पण!" सून आत-बाहेर करत होती, तिने माझे कौतुक केले नाही, आभार मानले नाहीत. फक्त एकदा माझ्याजवळ थांबून म्हणाली, "ज्यांची नोंद आहे त्यांना पत्र द्यावं लागतं. त्यांची सही आल्याशिवाय बदल होत नाही. टपालानं पाठवलं तर शुक्रवार उलटेल."

"दे इकडे," मी म्हणाले.

"बरोबर येऊ?"

"नको. हे माझं दप्तर आहे."

दुकान दोन गल्ल्या पलीकडे, एका जिन्याखाली. ती शिलाई यंत्रावर वाकली होती, ओठांत टाचण्यांची रांग. मला पाहून तिने ओठ न उघडताच डोळ्यांनी या या केले. मी पत्र पुढे ठेवले आणि उभ्या उभ्याच सांगितले. ती चूक माझी होती, ते सगळे बाकावरचे खेटे माझ्यामुळे होते, उपकार कधीच नव्हते, मी फक्त माझी चूक झाकत होते. माझे बोलणे संपले तरी ती काही बोलेना. मग माझ्या लक्षात आले की तिला बोलताच येत नव्हते. तिने एकेक टाचणी ओठांतून काढली आणि मनगटावरच्या कापसाच्या गादीत खोचली. नऊ होत्या. इतका लांब वेळ मी आयुष्यात कोणाच्या उत्तरासाठी थांबले नव्हते.

"लग्नाआधी दाखल्याला आले होते मी," ती म्हणाली. "अडीच तास बसवलंत. आत बैठक होती म्हणे."

"होती."

"आईनं जाताना सांगितलं, बाईंना विसरू नकोस. दुसरं काही सांगितलं नाही तिनं. बाईंना विसरू नकोस, एवढंच."

म्हणण्यासारखे काही असते तर ते एकोणचाळीस वर्षांपूर्वी म्हणायचे होते.

तिने पत्र पुन्हा वाचले, बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नेत. "मग धाकटीच्या पुढे काय होतं? इतकी वर्षं?"

"काही नव्हतं."

"म्हणजे ती जिवंत होती. कागदावर."

"हो."

"पंचेचाळीस वर्षांची." तिने यंत्राच्या चाकावर हात ठेवला आणि ते उगाच थोडे मागे फिरवले. "आई तिच्यासाठीही कपडे शिवायची हो, मी शाळेत जाईपर्यंत. दोन-दोन. मोजेही दोन जोड आणायची, वेगळ्या रंगांचे. मग मी त्यांतला एकेक घालायचे." तिने नाक पुसले, बाहीने, लहान मुलीसारखे. "बरं झालं की. दोघींतली एक तरी कायम होती कागदावर." मग तिने मापे लिहायची पेन्सिल उचलली, तिचीच ती थांबली, पेन्सिल खाली ठेवली आणि खणातून पेन काढून सही केली, ठळक, दोनदा गिरवून.

मी पत्र घेऊन खिशात ठेवले, तिने शिवलेल्या. पाठ फिरवली तेव्हा मागून आवाज आला, आणि तो आवाज मी ओळखला, कारण तो माझा होता. मी लोकांशी ज्या आवाजात बोलत आले तो.

"कुठं चाललात? बसा तिथं."

"हे पत्र पोचवायचं..."

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना? मला तुम्हाला खूप बोलायचंय. ही शिवण पुरी करते, मग बोलते. बसा."

"किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा," ती म्हणाली. तिने एकेक करून टाचण्या परत ओठांत धरल्या आणि यंत्र सुरू केले.

भिंतीला लागून गिऱ्हाइकांसाठी एक बाक होता. मी बसले. आत बैठक नव्हती, माझी वाट कोणी पाहत नव्हते, वर कचेरीत माणसे माझ्याशिवाय आपापल्या चुका लिहीत होती. यंत्र थांबत होते, पुन्हा चालू होत होते. बाक उंच होता. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की ते हलत आहेत.